सिद्धोधन शिपायाचा हात

बोरखडीत कुनाचं कुत्रं चावतं, कुनाच्या घरात सकाळी सकाळी भांडन पेटतं आन कुनाची सही कशी हाय, ह्या तिन्ही गोष्टी एकाच मानसाला ठाऊक व्हत्या. सिद्धोधनला. सिद्धोधन म्हंजी ग्रामपंचायतीचा शिपाई. सकाळी नळाचा वॉल सोडायचा, ऑफिस झाडायचं, आल्यागेल्या सायबाला पानी द्यायचं, सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी ओवायची. एकवीस वर्सं हेच केलं गड्यानं.

लोकं आता म्हंत्यात, सिद्धा बेइमान निघाला. म्हनू द्या. बेइमानी झाली हे तर तो सवताच सांगतो. पन ती कशी झाली, कुनाकुनाच्या संगतीनं झाली, ते कुनी धडानं सांगत न्हाई. कारन तसं सांगायचं म्हनलं की अर्ध्या गावाला सवताच्या अंगठ्याकडं बगावं लागतं.

सिद्धोधन सातवीपस्तोर शिकलेला, पन अक्षर असं की छापखाना लाजंल. ऑफिसच्या फळ्यावर त्यानं ‘उद्या पाणी येणार नाही’ लिवलं तरी लोकं सायकल थांबवून बगायचे. पानी येनार न्हाई ते ऱ्हायचं बाजूला, वर म्हनायचे, ‘काय ‘ण’ काढलाय रं!’ गावातल्या लग्नपत्रिकेवरची नावं त्याच्याच हातची. बौद्धवाड्यातल्या विहाराची पाटी त्याच्याच हातची. मारुतीच्या देवळावरची बी त्याचीच, फकस्त ती रंगवताना त्याला शिडी भायेरच्या अंगानं लावायला लावली व्हती.

आता ग्रामसभेचं सांगतो, कारन सगळी गोम तिथंच हाय. ग्रामसभा म्हंजी काय, तर गावानं एका जागी बसून बोलायचं. बोरखडीत ती कवाच धड बसली न्हाई. झेंडा झाला की बुंदी वाटायची, पंधरा-वीस टाळकी ऑफिसात चहा प्यायची आन घरी जायची. पन कागदावर कोरम भरावा लागतो. मंग पुढचे आठ-पंधरा दिवस सिद्धोधन काखेत रजिस्टर मारून दारोदार हिंडायचा.

“काय रं सिद्धा, कायची सही?”

“हाजिरीची, काकू.”

“आरं पन मी कुटं आलते?”

“मी आलो की तुमच्याकडं. ग्रामसभाच दारात आली समजा.”

बाया हसायच्या आन अंगठा द्यायच्या. जे घावत न्हाईत, कुनी ऊसतोडीला, कुनी पुन्याला लेकीकडं, त्यांची सही सिद्धोधन सवताच ठोकायचा. खिशात तीन पेनं. एक निळा, एक काळा आन एक गळका. सही कुनाची, त्या हिशोबानं पेन. अंगठेवाल्यांसाठी पॅड. सवताचाच उजवा अंगठा, डावा अंगठा, लय झालं तर पयलं बोट, दाबून. हे चोरून चालायचं का? आजिबात न्हाई. सगळ्या गावाला ठाऊक. उलट रस्त्यात गाठून म्हनायचे, “सिद्धा, माझी बी मार रं, मी खुरपायला चाललो.” तोबी मारायचा. आन खरं सांगायचं तर त्याला त्याची घमेंड व्हती. बायकूला म्हनायचा, “गावात दोनशे सह्या हायत आन दोनशेच्या दोनशे ह्या हातात हायत.”

त्याची बायकू धम्मशीला. तोंडानं लय तिखट. ती म्हनायची, “हातात दोनशे सह्या आन घरात दोन पायल्या ज्वारी न्हाई.”

त्या दोनशे सह्यांत एक सही वायली व्हती. किशनरावाची.

किशनराव म्हंजी कॅनॉलच्या कडंचा चार एकरवाला म्हातारा. पूर्णेच्या गाडीची शिट्टी ऐकू येती तिकडच्या अंगाचं रान. काळी जमीन, वल्ली. किशनराव शाळेत गेलाच न्हाई, पन सोसायटीच्या विलेक्शनला उभं ऱ्हायचं त्याच्या मनात आलं. अंगठा देऊन फॉर्म भरायची त्याला लाज वाटायली. गावात मास्तर व्हते, पोरं व्हती, पन म्हाताऱ्यानं सिद्धोधनला बोलावलं. म्हनला, “सिद्धा, कुनाला सांगू नको. मला माझं नाव शिकीव.”

दुसऱ्यांच्या घरी सिद्धोधन उंबऱ्याच्या भायेर उभा ऱ्हाऊन सह्या घ्यायचा. किशनरावानं त्याला बाजेवर बसिवलं, सवताच्या शेजारी. बायनाबाईनं, म्हंजी किशनरावाच्या मालकिनीनं, दोघाला सारख्याच कपात चहा दिला. आठ दिवस सिद्धोधननं म्हाताऱ्याचा हात हातात धरून पाटीवर गिरवून घेतलं. श काय जमंना. मंग सिद्धोधनच म्हनला, “काका, शेवटाला खालून एक लांब रेघ वढा, तासावानी. सगळं झाकून जातं.” म्हाताऱ्यानं वढली. नांगराचं तास वढावं तशी सरळ. ती झाली किशनरावाची सही. विलेक्शन हारला, पन सही ऱ्हायली. पुढं बँकेत, सोसायटीत, पोस्टात, जिथं तिथं म्हातारा ती लांब रेघ वढायचा आन बायनाबाईला म्हनायचा, “बग, कशी निगाली?”

दोन सालामागं गावात मोजनीवाले आले. कॅनॉलच्या दोन्ही अंगाला लाल खुट्ट्या ठोकायला लागले. एका कंपनीला तिथं मोठाली गोदामं बांधायचीत, पूर्णेचं जंक्शन जवळ हाय, माल गाडीत चढवायला सोपं. जमीन सरकार घेनार आन कंपनीला देनार. एकसष्ट जनांची जमीन. सिद्धोधनची एक गुंठाबी न्हाई, कारन त्याला जमीनच न्हाई.

पयला आडवा आला तो किशनरावच. त्यानं सवताच्या रानातली खुट्टी उपटली, घरी आनली, गोठ्यात ठोकली आन तिला म्हशीची वगार बांधली. मोजनीवाला म्हनला, “बाबा, सरकारी खुट्टी हाय ती.” म्हातारा म्हनला, “मंग वगार बी सरकारी समजा. चारा तेवढा घेऊन या.” गाव हप्ताभर हसलं. मारुतीच्या पारावर समद्यानं नारळावर हात ठेवून सांगितलं, एक गुंठा बी जमीन द्यायची न्हाई. पयला हात किशनरावाचा.

पन पावसाळ्यात म्हातारा आजारी पडला. पंधरा ऑगस्टला त्याला उठवंना. एकोनीस तारखेला गेला.

म्हातारा बाजेवर पडलेला तवा पंधरा ऑगस्टची ग्रामसभा नेहमीवानी बुंदी खाऊन मोकळी झाली व्हती. म्हातारा गेल्याला चार दिवस झाले तवा सरपंच बालाजीनं सिद्धोधनला आत बोलावलं. खुर्चीवर बस म्हनला. सरपंच शिपायाला खुर्ची दाखवायला लागला की समजायचं, काय तरी जड उचलून घ्यायचं हाय.

“सिद्धोधन, ह्या बारीला जमीनवाल्यांच्या सह्या वायल्या पानावर घे. एकसष्टचे एकसष्ट.”

“हाजिरीच्याच ना, सायब?”

“हाजिरीच्याच. पन पान कोरं सुरू कर. वरची अर्धी जागा मोकळी सोड. तिथं ठराव लिवायचाय.”

“कायचा?”

“आरं, नालीचा, दिव्याचा. हमेशा काय ऱ्हायतो? तू सह्या घे.”

सिद्धोधनला कळलं न्हाई का? हितंच दुखतं. कळलं. सगळंच न्हाई, पन नालीच्या ठरावाला फकस्त जमीनवालेच कशाला पायजेत, एवढं कळायला सातवी बी लागत न्हाई. तरी बी त्यानं रजिस्टर काखेत मारलं. एकवीस वर्सांत शिपायानं एकदा ‘कायचा’ इचारलं की लय झालं. दुसऱ्यांदा इचारायचं त्याच्या जिभेला वळनच न्हवतं.

दारोदार हिंडला. “कायची सही?” “हाजिरीची.” हे तो म्हनला. चव्वेचाळीस बारी म्हनला. दर बारीला ते जरासं हळू म्हनला, बस.

सात जनं घावले न्हाईत. आन धा जनं असे व्हते की त्यास्नी वास आला, त्यांनी सही केलीच न्हाई. त्यातला एक परमेश्वर, कॅनॉलच्या पलीकडचा, बी.ए. झालेला गडी. म्हनला, “वरती लिवून आन, मंग सही करतो.” सिद्धोधनला त्याचा राग आला. एवढ्या वर्सांत त्याला कुनी असं म्हनलं न्हवतं.

एकतीस तारखेला किशनरावाची तेरवी. सिद्धोधन जेवला, बायनाबाईनं आग्रह करून गुळाची पोळी वाढली. हात धुऊन तिथनं सरळ ऑफिसात गेला, कारन बालाजीचा फोन आलता. बालाजी म्हनला, “सात कमी हायत. भर.”

सिद्धोधननं भरल्या. तीन अंगठे: कमलबाईचा, नर्मदाबाईचा आन पूर्णेला रेल्वेत हमाल असलेल्या एका गड्याचा. मंग तीन सह्या. सातव्या नावावर तो थांबला.

“किशनकाका तर गेले, सायब.”

“रजिस्टरची तारीख काय हाय?”

“पंधरा.”

“त्या दिवशी जित्ते व्हते का न्हाई?”

“व्हते.”

“मंग?”

काळं पेन उचललं. तेरवीच्या जेवनाचा तुपाचा वास अजून बोटाला व्हता. सही आपोआप निगाली. खालून लांब रेघ, तासावानी सरळ. लय भारी निगाली, म्हंजी एकदम म्हाताऱ्यावानी. आन सगळ्यात वंगाळ काय, तर एक घडीभर त्याला बरं वाटलं ती बगून.

पुढं उन्हाळ्यात नोटिसा आल्या. परमेश्वरानं जमीनवाले गोळा केले, संभाजीनगरच्या खंडपीठात केस टाकली. वकील लावली रेणुकाताई म्हनून, परभनीचीच. दिवाळीच्या आधी सरकारचं उत्तर आलं आन परमेश्वरानं ते पारावर वाचलं. सिद्धोधन तवा पाराच्या खाली नळाच्या वॉलजवळ व्हता. त्याला सगळं ऐकू आलं.

“कंपनीसाठी जमीन घ्यायची तर शंभरातल्या ऐंशी जमीनवाल्यांची संमती लागती,” परमेश्वर म्हनला. “एकसष्टमंदी एकोनपन्नास. ह्यांनी एकावन्न दाखविल्यात. ग्रामसभेचा ठराव हाय, खाली सह्या.”

“कुनी दिल्या रं सह्या?”

“तू दिलीस. ही बग.”

“आरं ती हाजिरीची व्हती!”

“वरती लिवलंय, ‘आम्ही खालील खातेदार स्वखुशीने’. ही हाजिरी हाय?”

एकेकाला सवताची सही दिसायली आन एकेकाचं तोंड उतरायलं. परमेश्वर नावं वाचत गेला. किशनरावाचं नाव आलं तवा थांबला.

कुनी तरी मागून म्हनलं, “म्हातारं मरता मरता पलटलं की.”

“खुट्टीला वगार बांधायचं निस्तं नाटक व्हतं म्हना.”

बायनाबाई बायकांच्या घोळक्यात व्हती. ती पुढं आली. कागद हातात घेतला. तिला वाचता येत न्हाई, पन ती रेघ तिला वळखू येती. तिनं त्या रेघेवरनं बोट फिरवलं.

“ह्येंचीच हाय,” ती म्हनली. “अशीच वढायचे.”

आन घरी गेली.

सिद्धोधननं वॉल फिरवला. पानी सुटलं. कुनी घागरी लावल्या न्हाईत.

त्या दिवसापसून त्यानं रोज सकाळी एक गोष्ट बगितली, कारन नळ सोडायचं काम त्याचंच. बायनाबाईची घागर नंबरात पुढं असली तरी बाया ती बाजूला सारायच्या. बोलायच्या न्हाईत, निस्ती सारायच्या. बायनाबाई बी काय म्हनायची न्हाई. समद्यांचं झालं की उरलेली धार धरायची. सिद्धोधन तिच्यासाठी पंधरा मिनटं जास्त नळ चालू ठेवायचा. एवढंच करायची हिंमत व्हती त्याला.

एक दिवस घरपट्टीची पावती द्यायला तिच्या घरी गेला. बाज तिथंच. भिंतीवर किशनरावाचा फोटो, पन तोंड भिंतीकडं. मागचा पुठ्ठा आन दोरी तेवढी दिसायली.

“काकू, फोटो उलटा झालाय.”

“न्हाई झाला. केलाय.” बायनाबाई तांदूळ निवडायलती, मान वर केली न्हाई. “चाळीस वर्सं संसार केला. शेवटाला मला बी सांगितलं न्हाई. बस ना, चहा ठेवते.”

सिद्धोधन बसला न्हाई. पावती दाराच्या फळीवर ठेवली आन निगाला. वळनावर कडूलिंबाखाली उभा ऱ्हाऊन त्यानं उजवा हात ढुंगनाला पुसला. शेन लागल्यावर पुसत्यात तसा.

घरी जेवन जाईना. धम्मशीला दोन दिवस बगत ऱ्हायली, तिसऱ्या दिवशी ताट पुढं सारून म्हनली, “अवो, काय गिळलंय ते सांगा. भाकर त्याच्यावरनं उतरंना.”

त्यानं सांगितलं. सगळं. सात नावं, तीन बोटं, तेरवीचं जेवन.

धम्मशीलानं भिंतीवरच्या बाबासायबाच्या फोटोकडं हात केला. “त्या मानसानं लिवायला शिका म्हनून जीव काडला. तुमच्या बापानं हाडं झिजवून तुमाला सातवी केलं. ते कशासाठी? मेलेल्याचा हात धरून त्याच्या बायकूचं रान लिवून द्यायसाठी?”

“आगं मला काय ठाऊक...”

“ठाऊक व्हतं. मला थापा मारू नका. मी तुमची बायकू हाय, सरकार न्हाई.”

“बोललो तर नौकरी जाती. बालाजी म्हनला, खोटी सही म्हंजी तुरुंग हाय. तो म्हनतो, मी तर निस्तं ‘भर’ म्हनलो, हात तुझा व्हता.”

“खरं बोलला तो. हात तुमचाच व्हता.” तिनं ताट उचललं. “मी काय सांगनार न्हाई बोला म्हनून. उद्या उपास पडला तर मलाच म्हनताल. पन बायनाकाकू नळावर आली की मी मान खाली घालनार न्हाई. तुमी घाला.”

तरी बी तो बोलला न्हाई. रेणुकाताई वकील गावात आली, घराघरात इचारून गेली, सिद्धोधननं तिला ऑफिसात पानी दिलं. ती त्यालाच म्हनली, “मामा, तुम्हाला सगळं गाव ठाऊक आहे. या सह्या कशा झाल्या?” तो म्हनला, “मी शिपाई हाय ताई, मला काय कळतंय.” हे वाक्य त्यानं एकवीस वर्सं वापरलं. कदी जड गेलं न्हाई. त्या दिवशी गेलं.

मंग कोर्टानं सांगितलं, संमत्या खऱ्या का खोट्या ते गावात जाऊन तपासा. जानेवारीत तपासनीचा सायब आला. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल टाकलं, गाव मैदानात बसलं. टेबलावर ते रजिस्टर. बालाजी सायबाच्या शेजारी, रेणुकाताई ह्या अंगाला. आन सिद्धोधन पान्याचा ट्रे घेऊन खांबाला टेकून.

सायब एकेकाला बोलवायचा. “ही सही तुमची?”

“माझीच, सायब, पन ती हाजिरीची...”

“सही तुमचीच ना? बसा.”

असं चव्वेचाळीस जनाचं झालं. कुनी सवताची सही नाकारनार कशी? कमलबाईला बोलावलं तर ती भांडायलाच उठली.

“म्या अंगठा दिलाच न्हाई! मी त्या टायमाला पुन्याला लेकीच्या बाळंतपनाला गेलते!”

“तुम्ही तिथं होतात याचा काही कागद?”

“कागद कायला? नातू हाय की! आनू का उचलून?”

मैदान हसलं. सायब बी हसला, पन लिवलं काय तर ‘पुरावा नाही’. नर्मदाबाई म्हनली, माझा अंगठा न्हाई. तिचं बी तसंच. सायब म्हनला, “आता प्रत्येकजण नाही म्हणणार. मी काय ऐकून घेऊ?”

मंग म्हनला, “कै. किशनराव. वारस कोण?”

बायनाबाई उठली. पदर नीट केला. टेबलापस्तोर चालत आली. मैदानातनं कुनी तरी खोकललं, मुद्दाम.

“आजी, ही सही तुमच्या मालकांची आहे का?”

बायनाबाईनं कागद बगितला बी न्हाई. “ह्येंचीच हाय सायब. त्यांनी केली तर केली. माझं काय म्हननं न्हाई. घ्या जमीन.”

रेणुकाताई उठायली, “आजी, एक मिनिट...” पन सायबानं पेन उचललं व्हतं.

सिद्धोधनच्या हातातला ट्रे वाजला. चार गिलास फुटले. बालाजीनं मान वळवली आन डोळ्यानंच म्हनला, गप.

“सायब, ती माझी हाय.”

“काय?”

“ती सही. माझी हाय.”

“तुम्ही कोण?”

“शिपाई.”

“मग पाणी आणा दुसरं. आणि काचा उचला.”

सिद्धोधन काचा उचलायला वाकला बी. सवय. अर्ध्यातच थांबला. ताठ झाला आन टेबलाजवळ आला. खिशातनं काळं पेन काडलं. सायबाच्या पुढ्यातला कोरा कागद वढून घेतला, इचारलं बी न्हाई, आन किशनरावाची सही केली. लांब रेघ वढली. कागद रजिस्टरच्या शेजारी ठेवला.

सायबानं बगितलं. रेणुकाताईनं बगितलं. परमेश्वर मैदानातनं उठून पळत आला, त्यानं बगितलं. एका मुशीतल्या दोन.

“आनखी तीन हायत,” सिद्धोधन म्हनला आन त्याबी काडल्या, निळ्या पेनानं दोन आन गळक्यानं एक. “आन हे तीन अंगठे. हा माझा उजवा. हा डावा. हे पयलं बोट. पॅड द्या, सायब. तपासून घ्या.”

“साहेब, हा माणूस दारू...” बालाजी म्हनला.

“सरपंच, बसा,” सायब म्हनला.

पॅड आलं. गावभराचं लिवून देनारा मानूस गावासमोर अंगठा द्यायला लागला, एक, दोन, तीन. भिंग काडून सायब लय वेळ बगत ऱ्हायला. मंग म्हनला, “हे तज्ज्ञांकडे पाठवावं लागेल. तुमचा जबाब घेतो. कुणी सांगितलं करायला?”

सिद्धोधननं बालाजीकडं बगितलं. “सरपंच भर म्हनले. पन सायब, त्यांनी माझा हात धरला न्हवता. किशनकाका तवा मेले व्हते. मला ठाऊक व्हतं. मी त्यांची तेरवी जेवून आलतो.”

कुनी शाबासकी दिली न्हाई, कुनी शिवी दिली न्हाई. परमेश्वर त्याच्या अंगावर गेला, हात उचलला आन तसाच खाली घेतला. रेणुकाताई गपागप लिवायली, एकावन्नातनं सात गेले, चव्वेचाळीस ऱ्हायले, एकोनपन्नासला पाच कमी.

बायनाबाई अजून टेबलाजवळच व्हती. तिनं नवी सही केलेला कागद हातात घेतला, रेघेवरनं बोट फिरवलं, पारावर फिरवलं व्हतं तसंच. मंग सिद्धोधनकडं बगितलं. त्यानं मान खाली घातली.

“त्यांचा हात तूच धरून शिकिवलास रं सिद्धा,” ती म्हनली. “आन तूच चोरलास.”

“व्हय काकू.”

“चार म्हैने मी त्यांना शिव्या दिल्या. मेलेल्या मानसाला. त्याचं काय करू?”

सिद्धोधन फुटलेल्या काचा उचलायला खाली बसला.

अंगठे तपासून आले, सिद्धोधनचेच निगाले. खंडपीठानं जमीन घ्यायचं काम थांबवलंय, पुढची तारीख पडली की पुढचं बगू म्हंत्यात. कॅनॉलच्या कडंला ज्वारी उभी हाय. बालाजी अजून सरपंचच हाय, चौकशी चालू हाय. सिद्धोधनला कामावरनं काडलं आन पोलिसात गुन्हा झाला. दर महिन्याला पूर्णेला तारखेला जातो. सगळं सरपंचावर ढकलायला त्याला वकील सांगतो. तो म्हनतो, सांगितलं तेवढं खरं हाय, त्याच्यावर आनखी न्हाई. लोकं ह्यालाबी येडा म्हनत्यात.

ज्यांच्या सह्या चोरल्या त्या सात घरांतली सहा घरं त्याला बोलत न्हाईत. जी चव्वेचाळीस घरं ‘कायची सही’ इचारून निवांत अंगठा देत व्हती, ती बी बोलत न्हाईत. पुन्यावरनं आलेली कमलबाई तेवढी भेटली की टोमना मारती, “काय सिद्धा, माझा अंगठा बरा हाय का?” तो म्हनतो, “बरा हाय मावशी.”

महाराष्ट्र दिनाला बोरखडीत ग्रामसभा बसली. खरीखुरी. शाळेच्या मैदानात दोनशे मानसं, बाया पुढं. रजिस्टर आता दारात कुनी घेत न्हाई, म्हनून सगळ्यांना चालत यावं लागलं. ऊन व्हतं, शिव्या देत आले, पन आले. आधी ठराव वाचला, मंग सह्या. नवी शिपाई पोरगी हाय, ती टेबलावर रजिस्टर धरून बसलेली. सिद्धोधन बी आलता, मतदार म्हनून. रांगेत उभा, धम्मशीलाच्या मागं.

त्याच्या म्होरं तीन मानसं सोडून बायनाबाई व्हती. तिनं डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला आन बोट पदराला पुसत मागं वळली. सिद्धोधनजवळ आली तवा थांबली.

“फोटो सरळ केलाय,” ती म्हनली. “पन बाजेवर बसायला येऊ नको. अजून न्हाई.”

“न्हाई येत, काकू.”

ती गेली. त्याचा नंबर आला. पोरीनं पेन दिलं. दोनशे सह्या काडनाऱ्या त्या मानसाला सवताची सही कशी हाय ते घडीभर आठवंना. मागचे लोक कुरकुर करायले. मंग त्यानं शाळेतल्या पयलीच्या पोरावानी एकेक अक्षर सुटं सुटं लिवलं, सि द्धो ध न. खाली रेघ वढली न्हाई. पेन टेबलावर ठेवलं आन कुनाकडं न बगता घरच्या वाटंला लागला.